घड्याळाच्या हाती गुण देऊ नका : फायर फिटनेस शिकवायला निघालेल्या नव्या शिक्षकांसाठी

फायर फिटनेस, म्हणजे अग्निशमनाच्या कामाला लागणारी तंदुरुस्ती, कॉलेजात शिकवायला लागलो त्या पहिल्या वर्षी मी सरळ हिशेब केला होता. १६०० मीटर पळवायचं, पुल-अप्स मोजायचे, दोर चढवायचा आणि वेळेच्या तक्त्यावरून ५० पैकी गुण लिहायचे. सेमिस्टरच्या शेवटी भरती अकॅडमीतून आलेल्या एका मुलाला ४६ पडले. तो अख्ख्या सत्रात चार-पाच वेळा आला असेल. सिन्नरहून रोज एसटीने येणाऱ्या, एकही तास न चुकवलेल्या मुलीला २२. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "सर, त्याला तुम्ही काय शिकवलंत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो जसा आला तसाच गेला होता, मी फक्त त्याची पावती फाडली होती. पुढची तीन वर्षं मूल्यमापनाचा आराखडा मोडून पुन्हा बांधण्यात गेली. नाशिकमध्ये किंवा आसपासच्या कॉलेजात हा विषय पहिल्यांदाच हाती आला असेल, तर त्यातून जमलेलं खाली आहे.

पायरी १ : विद्यार्थ्याला काय 'करता' यावं ते लिहून काढा

"तंदुरुस्ती वाढेल" हे उद्दिष्ट नव्हे, तो आशीर्वाद झाला. सत्र संपल्यावर विद्यार्थी काय करून दाखवेल ते क्रियापदात लिहा. मी चार ओळींवर येऊन थांबलो आहे. स्वतःची नाडी, दम आणि ताकद मोजून त्या आकड्यांचा अर्थ सांगेल. सहा आठवड्यांचा सराव आखेल आणि तो का तसा आखला हे पटवून देईल. होज (आग विझवायचा पाण्याचा पाइप) ओढणं, जिना चढणं, बेशुद्ध माणसाला ओढत बाहेर काढणं ही कामं पाठ-गुडघे सांभाळून करेल. आणि कधी थांबायचं ते ओळखेल.

या चार ओळींतून तीन वेगळ्या गोष्टी निघतात : शरीर, कसब आणि समज. तिन्ही एकाच आकड्यात कोंबल्या की माझ्या पहिल्या वर्षासारखं होतं. माझी वाटणी आता अशी आहे : ५० पैकी शरीराला १०, कसबाला २०, समजेला २०. शरीराचे १० गुण कमी वाटतील. पण आग विझवायला जाणाऱ्याला किमान दम असलाच पाहिजे, म्हणून तिथे मी पात्रतेची रेघ आखतो. रेघ ओलांडली की पूर्ण १०. त्यापुढे कोण किती पुढे गेला याच्याशी मला देणंघेणं नाही. रेघ ओलांडता आली नाही तर ती वेगळी नोंद होते आणि पुढच्या सत्रात पुन्हा संधी मिळते. बाकीच्या ४० गुणांवर त्याचा डाग पडत नाही.

पायरी २ : चाचणी कामातून काढा, जिमच्या भिंतीवरून नाही

अमेरिका आणि कॅनडात १९९० च्या दशकाच्या शेवटी अग्निशामक कामगारांची संघटना आणि दलप्रमुखांची संघटना यांनी मिळून सीपॅट नावाची चाचणी तयार केली. तिचा सांगाडा समजून घेण्यासारखा आहे. जिना चढणं, होज ओढणं, उपकरणं उचलून नेणं, शिडी उभी करणं, दार फोडणं, अंधाऱ्या बोगद्यात रांगत शोध घेणं, पुतळा ओढणं आणि छत फोडून खाली खेचणं अशी आठ कामं सलग करायची. वेळ १० मिनिटं २० सेकंद. अंगावर जवळपास २२.७ किलोचं जॅकेट, जिन्याच्या टप्प्यात आणखी ११ किलोंच्या वर. जिन्याचा वेग मिनिटाला ६० पायऱ्या, तोही तीन मिनिटं. पुतळा ७५ किलोच्या आसपास. दोन कामांच्या मधलं अंतर चालत जायचं, पळालेलं चालत नाही. मुलगा-मुलगी, वय, सगळ्यांना एकच मोजमाप.

ही चाचणी जशीच्या तशी उचलू नका. छत खालून फोडून ओढायचा प्रसंग आपल्याकडे किती वेळा येतो? उलट जुन्या नाशकात, भद्रकालीकडच्या बोळांत, बंब तोंडाशीच अडकतो आणि जवानांना होज हाताने आत ओढत न्यावा लागतो. ६३ मिलिमीटरच्या १५ मीटर होजमध्ये पाणी भरलं की नुसतं पाणीच सुमारे ४७ किलो भरतं. म्हणून माझ्या चाचणीत होज ओढण्याला दोन वळणं आहेत, वाड्यांमधल्या बोळासारखी. सातपूर-अंबडच्या कारखान्यांचा विचार करून जड वस्तू उचलून नेण्याचा टप्पा आहे. सिंहस्थ तोंडावर आहे, गर्दीतून माणूस उचलून न्यायची वेळ येणार, म्हणून स्ट्रेचरचा टप्पा मी यंदा वाढवला.

हे सगळं ठरवण्याआधी एकदा शिंगाडा तलावाच्या अग्निशमन मुख्यालयात रीतसर पत्र देऊन जा आणि दोन-तीन जुन्या जवानांना विचारा, "साहेब, शेवटच्या मोठ्या कॉलला अंग कुठे दुखलं?" मला आलेलं उत्तर होतं पंजे आणि पोटऱ्या. माझ्या चाचणीत तोवर छातीचेच व्यायाम होते.

सामानाला बजेट नसतं, हे गृहीत धरा. २० लिटरचे दोन कॅन पाण्याने भरले की ४० किलोंचा भार झाला. टोमॅटोची क्रेट २० किलोच्या हिशेबानेच भरतात, ती उपकरण नेण्याच्या टप्प्याला उत्तम. पुतळ्यासाठी जुनी जीन्स आणि जाड शर्ट शिवून आत बारदानात वाळू भरा. एकदम ७५ किलोचा करू नका, ४०, ५५ आणि ७० असे तीन करा. दार फोडण्याच्या सरावाला ट्रकचा टायर आणि घण पंक्चरवाल्याकडे मिळून जातो. पाठीवरच्या भाराला वाळूची पिशवी घातलेली दप्तरं चालतात, पण पट्टे डबल शिवून घ्या. आमच्या एका मुलाच्या पाठीवरचं दप्तर पाचव्या पायरीवर फाटलं आणि मागच्या तिघांनी वाळू खाल्ली.

एक खुलासा मुलांना पहिल्याच दिवशी द्या : ही कॉलेजची परीक्षा आहे, भरती नव्हे. भरतीत उंची, छाती, धावणं, दोर, जंपिंग शीटवरची उडी यांचे निकष त्या त्या महापालिकेच्या जाहिरातीत असतात आणि बदलतात. "सर म्हणाले होते" हे वाक्य तिथे चालत नाही.

पायरी ३ : धावायला लावण्याआधी विचारा

इथे मी सगळ्यात कडक आहे. अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार कर्तव्यावर असताना होणाऱ्या अग्निशामकांच्या मृत्यूंपैकी सुमारे ४५ टक्के हृदयविकाराने होतात, आगीने नाही. विशीतल्या मुलांच्या वर्गात ही गोष्ट लांबची वाटते, पण छातीत दुखणं, चक्कर, दमा, घरात कमी वयात हृदयाने गेलेलं कोणी, चालू असलेली औषधं हे प्रश्न लेखी विचारा. एकाही प्रश्नाला 'हो' आलं तर डॉक्टरांची चिठ्ठी येईपर्यंत चाचणी नाही. ही माहिती मॉनिटरच्या हातून गोळा करू नका. मुली मुलांसमोर लिहित नाहीत आणि मुलं मुलींसमोर खोटं लिहितात.

नाशिकची डिसेंबरची सकाळ आणि एप्रिलची दुपार ही दोन वेगळी गावं आहेत. सत्राच्या सुरुवातीची मोजणी थंडीत सकाळी सातला आणि शेवटची उन्हात अकराला घेतली, तर तुम्ही हवामानाला गुण देत आहात. वेळ तीच ठेवा, उन्हाळ्यात साडेआठच्या आत आटपा, पाणी आणि ओआरएस मैदानावर हवं. जड सरावानंतर कोणाची लघवी चहाच्या रंगाची झाली, तर ते कौतुकाने सांगायचं नसतं, लगेच दवाखान्यात जायचं असतं. हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवतो.

पायरी ४ : पहिली मोजणी, आणि ती कशी फसवली जाते

सगळ्यात स्वस्त आणि माझी आवडती म्हणजे क्वीन्स कॉलेज स्टेप टेस्ट. ४१.३ सेंटिमीटर उंचीचा बाक सुताराकडून करून घ्या. मुलांसाठी मिनिटाला २४ वेळा चढ-उतार, मुलींसाठी २२, तीन मिनिटं. मोबाईलवर मेट्रोनोम लावा : मुलांना ९६ ठोके, मुलींना ८८, प्रत्येक ठोक्याला एक पाऊल. थांबल्यावर उभ्यानेच पाचव्या सेकंदापासून विसाव्या सेकंदापर्यंत नाडी मोजायची आणि चारने गुणायचं. मग मुलांसाठी १११.३३ वजा ०.४२ गुणिले नाडी, मुलींसाठी ६५.८१ वजा ०.१८४७ गुणिले नाडी. येणारा आकडा म्हणजे शरीर दर मिनिटाला, दर किलोमागे जास्तीत जास्त किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा अंदाज. सिन्नरच्या त्या मुलीची नाडी सुरुवातीला १७२ होती, शेवटी १५२. म्हणजे ३४.० वरून ३७.७. हे तेव्हा माझ्याच वहीत होतं आणि मी त्याला शून्य किंमत दिली होती.

दुसरी मोजणी कूपरची १२ मिनिटांची धाव. मीटरमधल्या अंतरातून ५०४.९ वजा करा, ४४.७३ ने भागा. ४०० मीटरच्या ट्रॅकवर बरोबर सहा फेऱ्या, म्हणजे २४०० मीटर झाले की उत्तर ४२.४ येतं. अग्निशमनाच्या कामासाठी ४२ हा आकडा किमान म्हणून बऱ्याच ठिकाणी धरला जातो, त्यामुळे मुलांना लक्षात ठेवायला सोपं : सहा फेऱ्या. कॉलेजला ट्रॅक नसेल तर गोल्फ क्लब मैदानावर पहाटे जाऊन चाकाच्या मीटरने अंतर मोजून खुणा करा. मोबाईलमधल्या ॲपवर विसंबू नका, आमच्याकडे एकाच फेरीची चार फोनवर चार अंतरं आली होती.

आता फसवणुकीबद्दल. 'सुधारणेला गुण' असं जाहीर केलंत की पहिल्या मोजणीला अर्धा वर्ग लंगडतो. मी हे भोगलंय. पहिल्या धावेला रमतगमत आलेले गडी शेवटी ४० टक्के 'सुधारले' आणि पहिल्यापासून प्रामाणिकपणे पळालेले मागे पडले. शिवाय जो आधीच तयार आहे त्याला सुधारायला जागा कमीच असते, त्याला त्याची शिक्षा का? म्हणून सुधारणेच्या टक्क्यांना थेट गुण मी बंद केले. त्याऐवजी विद्यार्थी स्वतःचे दोन्ही आकडे समोर ठेवून ते का बदलले, किंवा का बदलले नाहीत, हे लिहून आणतो. गुण त्या लिखाणाला. "परीक्षेच्या आदल्या रात्री लग्नात नाचलो, म्हणून नाडी जास्त आली असावी" असं एकाने लिहिलं होतं. त्याला मी पूर्ण गुण दिले. स्टेप टेस्टचा आणखी एक फायदा असा की मेट्रोनोमवर चढताना नाडी मुद्दाम वाढवून दाखवणं धाव मुद्दाम हळू करण्याइतकं सोपं नाही. पण नाडी तपासणारा हात जोडीदाराचा असू नये, दुसऱ्या जोडीतला असावा. आणि चहा पिऊन किंवा बस पकडायला पळत आलेल्याला दहा मिनिटं बसवा.

रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती जागचा हलत नाही, म्हणून तर गोदेचं पाणी कुठवर चढलं ते गावाला कळतं. मोजणीचंही तसंच : तोच बाक, तीच वेळ, तेच बूट, तोच भार. सप्टेंबरात स्पोर्ट शूज आणि मार्चमध्ये गमबूट असं केलंत तर दोन आकड्यांची तुलना करायचीच सोय राहत नाही. आणि कामाच्या टप्प्यांची पहिली अधिकृत नोंद घेण्याआधी एक सराव फेरी द्या. पहिल्यांदा होज हातात घेणाऱ्याचा निम्मा वेळ तो कुठून धरायचा हे शोधण्यात जातो, ती काही तंदुरुस्तीतली कमतरता नव्हे.

पायरी ५ : कसब बघायचं, तर तक्ता हवा

"छान", "बरा", "सुधारणा आवश्यक" या तीन शेऱ्यांनी कोणी काही शिकत नाही. प्रत्येक कामासाठी पाच-सहा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी लिहा, दिसली की खूण, नाही तर रिकामं. पुतळा ओढण्यासाठी माझ्या तक्त्यात हे आहे : काखेतून घट्ट पकड घेतली, कंबर खाली ठेवली, पाठ गोल केली नाही, पावलं छोटी टाकली, मागे वळून वाट बघितली, श्वास रोखून धरला नाही. शिडीसाठी : पाया भिंतीपासून उंचीच्या साधारण चौथ्या हिश्शावर, चढताना तीन अवयव कायम टेकलेले, नजर वर. 'आत्मविश्वासाने चढला' असं काही तक्त्यात घालू नका, आत्मविश्वास प्रत्येक परीक्षकाला वेगळा दिसतो.

तक्ता झाला की तुम्ही आणि सहकारी दोघांनी मिळून पाच विद्यार्थ्यांचा व्हिडिओ बघा आणि एकमेकांना न दाखवता खुणा करा. आम्ही पहिल्यांदा हे केलं तेव्हा तीसपैकी अकरा खुणा जुळल्या नाहीत. बहुतेक भांडण 'कंबर खाली' म्हणजे किती खाली यावर होतं. शेवटी "गुडघे वाकलेले दिसले पाहिजेत" असं लिहिलं आणि वाद मिटला. परीक्षेच्या दिवशी निवांत वाद घालायला वेळ नसतो, तो आधीच घालून घ्या.

आणि हाच तक्ता विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात वाटा. काहींना हे पेपर फोडल्यासारखं वाटतं. फोडाच. ती मुलं जेवणाच्या सुट्टीत एकमेकांच्या पाठीवर नजर ठेवून ओरडायला लागतात, "गोल झाली रे पाठ!" तेवढ्याने माझं अर्धं काम होतं.

पायरी ६ : समज तपासा, तीही घाम निघालेला असताना

लेखी पेपरात 'तंदुरुस्तीचे घटक लिहा' विचारलं की गाईडमधला उतारा येतो. त्यापेक्षा गणित द्या. उदाहरणार्थ, बीए सेटची (धुरात श्वास घ्यायला पाठीवर घेतात त्या हवेच्या संचाची) सहा लिटरची टाकी ३०० बार दाबाला भरली आहे. ५० बार राखीव सोडायचे. शांतपणे काम करणारा जवान मिनिटाला ४० लिटर हवा ओढतो, दमलेला ६०. दोघांकडे किती वेळ? २५० गुणिले ६ म्हणजे १५०० लिटर. पहिल्याला साडेसदतीस मिनिटं, दुसऱ्याला पंचवीस. मग खरा प्रश्न : परत यायचा रस्ता आठ मिनिटांचा असेल तर दुसऱ्याने केव्हा वळायचं? हे गणित सुटल्यावर दमाचा सराव का करायचा हे वेगळं शिकवावं लागत नाही.

तोंडी परीक्षा मी बाकाजवळच घेतो, स्टेप टेस्टनंतर दोन मिनिटांत. धापा टाकत असताना विचारतो : खोलीत धूर आहे, बेशुद्ध माणसाला खांद्यावर उचलशील की ओढत नेशील? खांद्यावर घेतलं तर दोघांची डोकी वरच्या गरम धुरात जातात, खाली हवा बरी असते, हे जो त्या अवस्थेत सांगतो त्याला ते समजलंय. टेबलावर बसून सगळेच सांगतात.

सरावाची डायरी सबमिशनला असतेच. एकाच निळ्या पेनाने, एकाच रात्री, एकसारख्या अक्षरात लिहिलेल्या नव्वद दिवसांच्या डायऱ्या ओळखायला शिका. उपाय सोपा आहे : दर पंधरवड्याला पाच मिनिटं घेऊन तिथेच सही करा आणि एकच प्रश्न विचारा, "या आठवड्यात काय वाढवलंस आणि का?" घरी गावाला कांदा लागवडीत आठवडा गेला, असं लिहिलेलं मी सरावच मानतो, फक्त किती तास आणि कोणत्या अवस्थेत वाकून, हे लिहायला लावतो. त्यावरून कंबरेला विश्रांती हवी की ताकद, हे विद्यार्थ्याने सांगावं.

पायरी ७ : अर्ध्यावर थांबून सांगा

आठव्या आठवड्यात प्रत्येकाला तीन मिनिटं. एक गोष्ट जमतेय, एक सुधारायची, ती कशी. वर्गात साठ मुलं असतील तर तीन तास जातात, पण शेवटी गुणपत्रिकेवर लिहिलेला शेरा कोणी वाचत नाही. माझ्या मते या तीन तासांएवढं मूल्य दुसऱ्या कशालाच नाही. पाय मुरगळलेला, पाळीच्या दिवसांत असलेली, तापातून उठलेला, यांच्यासाठी दुसरी तारीख आधीच जाहीर करा. प्रत्येक वेळी अर्ज आणि कारण मागत बसू नका.

मुलींबद्दल एक प्रश्न दर वर्षी येतो : रेघ वेगळी ठेवायची का? कामाच्या टप्प्यांत मी वेगळी ठेवत नाही, कारण ओढायचा माणूस हलका होत नाही. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेल्या हर्षिनी कान्हेकर यांचं नाव मुली स्वतःच काढतात आणि सवलत मागत नाहीत. मात्र रेघेपर्यंत पोचायला ४०, ५५, ७० अशा पायऱ्या सगळ्यांनाच असतात, मुलांनाही.

परीक्षेचा दिवस

दहा-दहाच्या तुकड्या करा, प्रत्येक टप्प्यावर एक नोंदणारा आणि एक फक्त सुरक्षेकडे बघणारा. 'थांब' म्हणायचा अधिकार त्या दुसऱ्याचा, तुमचा नाही, कारण तुमची नजर घड्याळावर असते. प्रथमोपचार पेटी उघडी, गाडी तयार, जवळच्या दवाखान्याचा नंबर तक्त्यावर लिहिलेला.

आणि तक्त्यात शेवटचे दोन गुण ठेवा, ते मी सगळे टप्पे संपल्यावर, सर्वांना वाटतं परीक्षा झाली तेव्हा देतो : होजमधलं पाणी काढलं का, चिखल धुतला का, सावलीत वाळत घातला का, कपलिंग (होजच्या टोकाचा जोड) आपटलं नाही ना. गेल्या वर्षी पूर्ण ५० च्या वाटेवर असलेला एक गडी शिट्टी वाजताच बॅग उचलून कँटीनला गेला. त्याला ४८ पडले. त्याचा होज गुंडाळत होती ती सिन्नरची मुलगी, आता मला मदतनीस म्हणून येते.